दोन लाख चौदा हजार किलोमीटर चाललेली डिझायर: घ्यावी की सोडावी?

माझा भाचा विट्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. त्याच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, आठवड्यातून तीनदा मिरजेला डायलिसिसला न्यावं लागतं. दरवेळी भाड्याची गाडी परवडेना, तेव्हा त्याचा फोन आला. "मामा, चार लाखांत सगळं बसवायचंय. जुनी चालेल, पण रस्त्यात बंद पडून चालणार नाही."

गाड्यांच्या दुरुस्तीवरच माझं पोट आहे. लोक जुनी गाडी घेताना मीटरवरचा आकडा पाहून खूश होतात किंवा घाबरतात, हे मी रोज बघतो. माझं मत वेगळं आहे आणि ते अनुभवाने पक्कं झालंय. जास्त चाललेली गाडी घेताना पुढच्या ४० हजार किलोमीटरांत तिला काय काय लागणार हे आधी रुपयांत लिहून काढावं, आणि भावाची बोलणी त्यानंतरच सुरू करावीत. भाच्याच्या गाडीच्या वेळी हे कसं केलं ते सविस्तर लिहितो, कारण त्याच्यासारख्या बजेटमध्ये गाडी शोधणारे पुष्कळ आहेत.

पहिला प्रश्न, डिझेलच का? विटा-तासगाव-मिरज जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या घरात. आठवड्याला तीन खेपा धरल्या तर वर्षाला वीस हजार किलोमीटर होतात. लिटरला वीस देणारी डिझेल गाडी हजार लिटर पिणार, म्हणजे नव्वद रुपयांच्या भावाने नव्वद हजार. तेवढ्याच अंतराला लिटरला पंधरा देणारी पेट्रोल गाडी एक लाख चाळीस हजारांच्या आसपास नेते. सीएनजी याहून स्वस्त पडला असता, पण डिकीत टाकी बसली की व्हीलचेअर कुठे ठेवायची? बहिणीला व्हीलचेअरशिवाय हलता येत नाही, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

आधी नाकारलेली गाडी

एका एजंटाकडे २०१४ ची हॅचबॅक होती. मीटरवर ७१ हजार, मागणी ३ लाख ८५ हजार, रंग चकाचक. भाच्याला ती मनापासून आवडली होती. मी दरवाजा उघडून आधी पायाखाली पाहिलं. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून कडांना गुळगुळीत झालेलं. ड्रायव्हर सीटची दरवाजाकडची कड बसून आतला फोम सैल पडलेला. स्टिअरिंगवर मात्र नवं कोरं कव्हर. सत्तर हजारांत एवढी झीज होत नाही. मूळ मालकाचा फोन नंबर मिळवला आणि त्यांच्या संमतीने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवरून नोंदी काढल्या. २०२० सालीच गाडी १ लाख ३४ हजारांवर होती.

मीटर मागे घेतलेली गाडी मी किमतीचा विचारही न करता सोडतो. किलोमीटर जास्त निघाले याचं मला काही नाही. पण आकडा खोटा म्हटल्यावर कुठला भाग कधी बदलायचा याचा कुठलाच हिशेब उरत नाही. आणि ज्याने आकडा बदलला त्याने आणखी काय झाकलंय याची खात्री कोण देणार?

सांगलीची डिझायर

दुसरी गाडी मालकाकडूनच मिळाली. मारुती स्विफ्ट डिझायर व्हीडीआय, जुलै २०१५ ची नोंदणी, एमएच-१० पासिंग, एकच मालक, मीटरवर २ लाख १४ हजार. मागणी ३ लाख ६० हजार. मालक औषध कंपनीचे प्रतिनिधी, त्यामुळे दहा वर्षं सांगली, कोल्हापूर, कराड, सातारा अशी फिरती. आकडा ऐकूनच भाच्याचा चेहरा उतरला.

मला मात्र ती गाडी बघावीशी वाटली. वर्षाला एकवीस हजार किलोमीटर, तेही बहुतेक हायवेवर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये. शहरातल्या गर्दीत दर दोन मिनिटांनी क्लच दाबत चाललेल्या ऐंशी हजारांपेक्षा असे दोन लाख इंजिनाला हलके जातात. कोल्ड स्टार्ट (गार इंजिन सुरू करणं) कमी, ब्रेक कमी, इंजिन पूर्ण तापून चाललेलं. शिवाय यातलं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन मूळचं फियाटचं. मारुतीसोबत फियाट आणि टाटाच्याही गाड्यांत ते बसलं, त्यामुळे तालुक्याच्या मेस्त्रीलाही ते खोलता येतं आणि सुटे भाग सहज मिळतात. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम आले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. तरी बाजारात भागांची टंचाई नाही. इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ जुळवायला याला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला पट्टा बदलायचा खर्च नाही. पण तेलात हयगय झाली तर चेन लांबते आणि ते काम महागात जातं.

म्हणून लोखंडाला हात लावण्याआधी कागद. एक लाख चाळीस हजारांपर्यंतची सगळी सर्व्हिसिंग कंपनीच्या सेंटरवर, दर दहा हजारांना, नोंदीसकट. त्यानंतर मालकांनी सांगलीतल्या एका गॅरेजमध्ये काम करायला सुरुवात केली होती. त्यांनी पिशवीभर बिलं समोर ओतली. मी ती तारखेने लावली. १ लाख ६२ हजारांचं बिल होतं आणि त्यानंतर थेट १ लाख ८४ हजारांचं. बावीस हजार किलोमीटर तेल बदललं की नाही, हा प्रश्न मला सोडत नव्हता. मालक म्हणाले, "बदललंय हो, बिल घ्यायचं राहिलं असेल." ते खरं बोलत असतील, पण चेन आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) दोन्ही तेलावर जगतात, तेव्हा मी त्यांना घेऊन त्या गॅरेजवर गेलो. तिथल्या मेस्त्रींच्या वहीत १ लाख ७३ हजारांना ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर अशी ओळ सापडली. गाडीचा नंबर, खाली रक्कम. माझ्यासाठी अख्ख्या तपासणीत त्या ओळीला सगळ्यात जास्त मोल होतं.

विम्याचा कागदही नीट वाचावा. जुन्या पॉलिसीत नो क्लेम बोनसचा, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचा टक्का छापलेला असतो. क्लेम न घेता वर्षं जात राहिली की तो २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० वर जातो. एवढी निगा राखणाऱ्या मालकाच्या पॉलिसीत मला ५० दिसायला हवा होता, दिसला २०. म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांत कधीतरी क्लेम झालेला. विचारल्यावर मालकांनी लगेच सांगितलं, कराडजवळ मागून टेम्पो धडकला होता, बंपर आणि डिकीचं झाकण बदललं. डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा पाहिला. कंपनीतून येणारे वेल्डिंगचे गोल ठिपके सरळ रांगेत, ठरावीक अंतरावर जसेच्या तसे. सीलंट हाताने फासलेलं नाही. मार पत्र्याच्या वरच्या थरापर्यंतच राहिला होता. झाकणाच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याच्या खुणा होत्या, त्या असणारच.

सांगलीची गाडी म्हणजे पुराचं बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आणि जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला. त्याच जुलैत चिपळूण आणि महाडलाही गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या कित्येक धुऊन-पुसून बाजारात आल्या. वरून त्या ओळखू येत नाहीत. मी चारही सीट बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढले. बेल्टच्या गुंडाळीत आत राहणाऱ्या भागावर गाळाची रेघ राहते आणि ती सहसा कुणी धूत नाही. सीटच्या रुळांचे नट-बोल्ट बोटाने चाचपले, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवा गंज आहे का ते टॉर्चने पाहिलं, मॅटखालचा फेल्ट वास घेऊन बघितला. कोरडं, स्वच्छ. मालकांचं घर विश्रामबागला, पाण्याच्या रेषेपासून दूर, हेही नंतर कळलं. पण पत्त्यापेक्षा बेल्टवर माझा जास्त भरवसा.

थंड इंजिन

मालकांना आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. सकाळी पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. विकणारा गाडी आधीच तापवून ठेवतो तेव्हा अर्धे दोष लपतात.

चावी फिरवली, ग्लो प्लगचा (गार डिझेल इंजिन आतून तापवणाऱ्या भागाचा) पिवळा दिवा विझेपर्यंत थांबलो, सेल्फ मारला. गाडी पटकन सुरू झाली. पहिले एक-दोन सेकंद चेनच्या बाजूने खुळखुळ आली आणि तेलाचा दाब चढताच थांबली. इतकं चालतं. ती मिनिटभर टिकली असती तर चेन किटचा खर्च तिथल्या तिथे लिहिला असता. सायलेन्सरमधून हलका धूर आला आणि विरला. निळा असता तर तेल जळतंय असं समजलो असतो. काळा असता तर हवा-डिझेलचा मेळ बिघडलेला.

मग इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवलं. बॅक कॉम्प्रेशन बघायची ही गॅरेजमधली जुनी रीत. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की सिलिंडरमधली हवा खाली क्रँककेसमध्ये उतरते आणि या तोंडातून दम टाकते. झाकण उडून पडलं तर इंजिन खोलायची वेळ आलेली आहे. इथे ते जागेवर थरथरत राहिलं, तोंडावर धरलेल्या तळहाताला हलकी, एकसारखी झुळूक लागली, तेलाचे थेंब उडाले नाहीत. दोन लाखांवरच्या डिझेलला एवढं असतंच. कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग नाही, डिपस्टिकवर दुधाळ फेस नाही, म्हणजे हेड गॅस्केटबद्दलही (इंजिनात तेल आणि पाणी वेगळं ठेवणाऱ्या पॅकिंगबद्दल) निर्धास्त झालो.

इंजिन बंद करून टर्बोकडे जाणारा हवेचा पाइप सैल केला आणि आतल्या शाफ्टचं टोक बोटांनी हलवून पाहिलं. आडवी नावापुरती हालचाल, पुढे-मागे काहीच नाही. पात्यांची टोकं कडेला घासलेली नव्हती. टर्बो चांगला होता.

इथपर्यंत सगळं गाडीच्या बाजूने चाललं होतं. चालवायला घेतली तेव्हा खर्च दिसायला लागले.

चढावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने असताना एक्सिलरेटर पूर्ण दाबला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर गेला, गाडीचा वेग तिथेच. क्लच घसरत होता. खराब रस्त्यावर पुढून डाव्या बाजूने टकटक यायची, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवलं तर मात्र एक्सलचा आवाज नाही. ऐंशीला ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरलं नाही. एसी उन्हात उभ्या गाडीवर वीस मिनिटं चालू ठेवला, गार राहिला. डायलिसिसहून परतणाऱ्या माणसाला याची किती गरज असते ते घरच्यांनाच कळतं, म्हणून याला मी वेळ दिला. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. चारही टायर २०१९ चे निघाले. नक्षी बरी होती, पण रबराला भेगा पडल्या होत्या. वीस हजार किलोमीटरच्या प्रवासाला ते ठेवायचे नाहीत.

परत येऊन गाडी बंद केली, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू केली. सकाळी पटकन लागलेला सेल्फ आता तीन-चार सेकंद फिरत राहिला. गरम असताना उशिरा सुरू होणारी कॉमन रेल डिझेल (एका सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, दाबाने डिझेल पुरवणारं इंजिन) म्हणजे माझा संशय आधी इंजेक्टरवर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागावर जातो. स्कॅनर लावला. एकही फॉल्ट कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाड नाही. पण अनेक गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले तेही वाचता येतं, आणि इथे ते होते ४१. म्हणजे आम्ही येण्याच्या जरा आधी कुणीतरी कोड पुसले होते. मालकांना सरळ विचारलं. त्यांनी सांगितलं, इंजिनचा दिवा लागला होता, मेस्त्रीने मशीन लावून घालवला. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता, दिवा विझला म्हणजे काम झालं असं बहुतेकांना वाटतं. आम्ही गाडी तासगावच्या रस्त्याला आणखी पळवली आणि परतताना दिवा आलाच: पी-००८७, रेलमध्ये डिझेलचा दाब कमी.

डिझेल पंपाचं काम करणाऱ्या दुकानात चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (डिझेल परत नेणाऱ्या नळ्यांना) छोट्या बाटल्या लावल्या आणि काही मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं. जे डिझेल सिलिंडरमध्ये न जाता परत येतं ते बाटलीत साठतं. तीन बाटल्या जवळपास सारख्या, तिसऱ्या क्रमांकाची जवळजवळ दुप्पट. कारण सापडलं, आणि त्याच्यावर किंमतही लावता आली. गाडीची खरी अडचण एवढीच होती. ती हाती लागली नसती तर पहिल्या महिन्याभरात गाडीने बहिणीला मिरजेच्या रस्त्यावर उभं केलं असतं.

रॅम्पवर चढवल्यावर पुढच्या सस्पेन्शनमध्ये डावीकडच्या लोअर आर्मचं बुश फाटलेलं, दोन्ही लिंक रॉड सैल आणि एका स्ट्रट माउंटमध्ये ढिलाई दिसली. क्रँकच्या सीलला ओल होती, गळती नव्हती. एक्सल बूट शाबूत.

हिशेब आणि बोलणी

त्याच दुकानात बसून कागदावर लिहिलं. चारही इंजेक्टर खोलून, धुऊन, मशीनवर तपासून, तिसऱ्याचे भाग बदलून: १४ हजार. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग मजुरीसह: साडेअकरा हजार. पुढचं सस्पेन्शन, दोन्ही बाजूंचं: ९ हजार. चार टायर: १६ हजार ८००. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, सगळे फिल्टर आणि फॅन बेल्ट: ९ हजार २००. बेरीज ६० हजार ५००. हे दर आमच्या भागातल्या दुकानांचे. पुण्या-मुंबईत मजुरी जास्त धरावी.

चेन आणि टर्बो या यादीत नाहीत, कारण दोन्ही आज ठीक आहेत. पण दोन लाखांपलीकडच्या गाडीत ते कधीही पुढे येऊ शकतात, म्हणून भाच्याला सांगितलं, चाळीस हजारांच्या आसपास बाजूला ठेवता येत असतील तरच ही गाडी घे. चार लाखांचं बजेट म्हणजे चार लाखांची गाडी घ्यायची, असं करणारे सहा महिन्यांत माझ्या दारात येतात आणि त्यांच्याकडे दुरुस्तीला पैसे नसतात. फार वाईट वाटतं तेव्हा.

मालकांसमोर तोच कागद ठेवला. गाडीला नावं ठेवली नाहीत, उलट नोंदी किती चांगल्या आहेत तेच आधी बोललो. बाटल्यांचा फोटो दाखवला. ते बराच वेळ कागद बघत होते. मग म्हणाले, "टायरचं मला माहीत होतं, इंजेक्टरचं खरंच माहीत नव्हतं." सौदा २ लाख ९० हजारांवर ठरला. कामाचे साडेसाठ हजार, विमा आणि आरटीओचे मिळून बारा हजार धरले तरी गाडी ३ लाख ६२ हजार ५०० ला रस्त्यावर येत होती. राखीव पैसे उरत होते.

आरसीवरचा बोजा

पैसे मात्र लगेच दिले नाहीत. वाहन पोर्टलवर नंबर टाकल्यावर दिसलं की आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, अजून बँकेच्या कर्जाचा बोजा आहे. कर्ज २०२० लाच फिटलेलं, पण बोजा उतरवायचा राहिला. अशी गाडी नावावर होत नाही. मालकांनी बँकेकडून नव्याने ना हरकत पत्र घेतलं आणि बोजा उतरवण्याच्या फॉर्म ३५ सह अर्ज केला. तोपर्यंत भाच्याने फक्त पाच हजार टोकन दिलं, त्याचीही लेखी पावती घेतली, आणि त्यात बोजा न उतरल्यास रक्कम परत असं लिहून घेतलं. हायवेवरचे वेगाचे ई-चलान थकलेले होते, ते मालकांनी भरले. गाडी १ एप्रिल २०१९ आधीची असल्याने एचएसआरपी, म्हणजे सुरक्षा खुणा असलेली नंबर प्लेट बसलीय का तेही पाहिलं, बसली होती.

विकणारा आणि घेणारा एकाच आरटीओच्या हद्दीतले, म्हणून फॉर्म २८ ची, म्हणजे आरटीओच्या ना हरकत पत्राची भानगड नव्हती. नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. गाडी ताब्यात दिल्याचा कागद केला आणि त्यावर तारखेसोबत वेळही घातली, म्हणजे त्या मिनिटाआधीचं चलान कुणाचं आणि नंतरचं कुणाचं याचा वाद राहत नाही. नाव बदलण्याची घाई मालकांनाही असायला हवी. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. गाडी विकली होती एवढं म्हणून सुटका होत नाही. हे सांगितल्यावर मालक स्वतः अर्जाच्या मागे लागले. त्यांनी फास्टॅग बंद केला. त्यांचा नो क्लेम बोनस त्यांच्याकडेच राहिला, तो गाडीसोबत येत नाही. भाच्याने विमा आपल्या नावावर करून घेतला. कायद्याने त्याला १४ दिवस मिळतात, आणि त्यात ढिलाई झाली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडतो.

यादीतली सगळी कामं गाडी घरी नेण्याआधी करून घेतली, इंजेक्टर आणि क्लच सगळ्यात आधी. पी-००८७ पुन्हा आला नाही, गरम इंजिनही आता अर्ध्या सेल्फला लागतं. तेल दर दहा हजारांऐवजी आठ हजारांना बदलायचं ठरवलंय, चेनसाठी.

नोंदणी जुलै २०३० ला संपेल. तोवर गाडी तीन लाखांच्या पुढे गेलेली असेल. त्या वेळी फिटनेस तपासणी, पुढच्या पाच वर्षांची नोंदणी आणि पर्यावरण कर हे सगळं धरून ती ठेवायची की काढायची याचा पुन्हा असाच कागद करायचा आहे. भाच्याने त्यासाठी एक वही घातलीय. पहिल्या पानावर साडेसाठ हजारांची यादी आहे आणि तिच्याखाली पुढच्या प्रत्येक कामाचे किलोमीटर तो लिहीत चाललाय.